आईच्या मयताची तालीम

मला या धंद्यातलं पहिलं काम मिळालं ते मरायचं. एका व्हिडिओ गेममध्ये गावावर राक्षस चालून येतात आणि माणसं पटापट मरतात, त्यातल्या बायकांचे आवाज हवे होते. जळून मरणारी वेगळी, कड्यावरून पडणारी वेगळी, पाठीत बाण लागलेली वेगळी. पुण्याच्या स्टुडिओत माझ्याबरोबर आणखी काही मुली आल्या होत्या, सगळ्यांचं हिंदी माझ्यापेक्षा स्वच्छ. माझं हिंदी साताऱ्याला कॉलेजात असताना एसटी कॅन्टीनमध्ये शिकलेलं. तोवर माझा अनुभव म्हणजे साताऱ्यातल्या एका साडीच्या दुकानाची रिक्षातून फिरणारी जाहिरात. पण मरायला हिंदी लागत नाही. मी एकदाच ओरडले आणि काचेपलीकडचा माणूस म्हणाला, "बाकीच्यांना चहा द्या, हिला ठेवा."

त्यानंतर बरीच वर्षं मी फक्त मेले, किंचाळले आणि रडले. जपानी कार्टून, ज्याला पोरं ॲनिमे म्हणतात, ती हिंदीत यायला लागली तेव्हा संवाद दुसऱ्या मुली बोलायच्या आणि रडायचा प्रसंग आला की मला बोलावणं यायचं. चित्र एकाचं, बोलणं दुसरीचं, रडणं माझं. बघणाऱ्याला काही पत्ता लागत नाही. पुढे हिंदी सुधारलं आणि मला पोरांची कामं मिळाली. दहा-बारा वर्षांच्या पोराचा आवाज मोठ्या पुरुषाला काढता येत नाही आणि खरं पोरगं माइकसमोर एका जागी बसत नाही, म्हणून ते काम बायका करतात. आज मी चाळिशी ओलांडलेली, गुडघे धरून जिना चढणारी बाई आहे, आणि एका निळ्या केसांच्या पोराचा आवाजही आहे. तो आगीशी बोलतो आणि अधूनमधून जग वाचवतो.

आता पुण्या-मुंबईला जावं लागत नाही. कुपवाडला नवऱ्याच्या लेथ मशिनच्या शेडवर आमच्या दोन खोल्या आहेत. त्यातल्या एका कोपऱ्यात मी फळ्यांची कपाटाएवढी खोली उभी केली आणि आतून आईने शिवलेल्या गोधड्या ठोकल्या. गोधडी आवाज पिते. दिग्दर्शक मुंबईत बसतो आणि माझ्या कानात बोलतो, माझा आवाज तारेतून थेट त्याच्या मशिनवर भरला जातो, माझ्याकडे काही उरत नाही. खाली लेथ चालू असलं की काम बंद, म्हणून शेडच्या सुट्टीच्या दिवशी मी रडते. आई एकदाच तिथे आली होती. दार उघडून आत बघितलं आणि म्हणाली, "गोधडी मानसानं पांघरायची असती. भिताडाला थंडी वाजती व्हय?"

हे सगळं आलं कुठून, असं मुलाखत घेणारे विचारतात आणि मी काहीतरी गोड सांगते. आलं आईकडून, आणि ती गोड नव्हती.

आमचं गाव कवठे महांकाळच्या बाजूला, ज्वारी आणि द्राक्षांचं. आमच्याकडे मयताला बायका नुसत्या रडत नाहीत, हेल काढून रडतात. सुरावर शब्द असतात आणि शब्दांत गेलेल्या माणसाची कर्तबगारी, त्याच्या सवयी, त्याने आपल्यासाठी काय केलं ते. परगावची लेक आली की तिने वळणावरूनच हेल काढायचा, म्हणजे दारातल्या बायकांना कळतं लेक आली, आणि त्या उठून सामोऱ्या जातात. मग गळ्यात गळा. कोण किती रडली, शब्द काय घातले, पदर कुठवर होता, सगळं लक्षात ठेवलं जातं. माझी एक चुलती तिच्या सासऱ्याच्या मयताला "अगं बाई गं" एवढंच म्हणत राहिली. तिला भावकीत अजून अगंबाई म्हणतात. ते नाव पाडलं आईने.

कारण या कामात आई सगळ्यांच्या वर होती. लग्नाचं आवतण तिला कधी कधी राहून जायचं, मयताचा निरोप मात्र आधी यायचा. ती पोचेपर्यंत बायका मुळुमुळु रडत बसायच्या. ती वळणावरून हेल टाकायची आणि मग घरात माणूस गेलंय असं सगळ्यांना खरोखर वाटायचं. पुरुषसुद्धा तोंड फिरवून उपरण्याने नाक पुसायचे. आणि घरी येऊन अंघोळ झाली की हीच बाई चुलीपुढे बसून प्रत्येकीचं रडणं करून दाखवायची. ही नाकातून रडते, ही सुनेवर डोळा ठेवून रडते, ही मधेच थांबून जेवणाचं विचारते आणि पुन्हा सुरू होते. भाकरी थापता थापता हे सगळं. सकाळी माणूस गेलेलं असायचं आणि संध्याकाळी आमच्या घरात त्याच्या बायकोची नक्कल चाललेली असायची. मी आणि दादा हसून लोळायचो. मीही नक्कल करून बघायची, तेव्हा ती उलथन्याने माझ्या गुडघ्यावर मारायची. "नाकातनं न्हाई, बेंबीतनं." माझं शिक्षण म्हणाल तर एवढंच.

मला तिने कधी चांगलं म्हटलं नाही. माझा आवाज लहानपणापासून जाड, म्हणून ती मला भसाडी म्हणायची. बघायला आलेल्या पाहुण्यांसमोरसुद्धा म्हणाली, "आवाज भसाडा हाय, पर कामाला चांगली हाय." म्हैस विकताना सांगतात तसं. ज्या जाड आवाजावर पुढे मी घर चालवलं, त्याची ओळख अशी करून दिली गेली.

एकदा दादाने मोबाईलवर तिला माझा निळ्या केसांचा पोरगा दाखवला. त्या भागात त्याचा कुत्रा मरतो. माझं काम चांगलं झालं होतं, अनोळखी लोकांनी तसं कळवलं होतं. आई शेंगा फोडत बघत राहिली.

"ह्येचं केस निळं कशानं झालं?"

"चित्र हाय ते, आई." तिच्यापुढे माझी जीभ आपोआप गावची होते.

"डोळ्यातनं पानी त्येच्या येतंय आन् आवाज तू काढतीस. मग रडतंय कोन?"

"दोघं मिळून."

"म्हंजी कुनीच न्हाई," ती म्हणाली आणि टरफलं सुपात भरायला लागली.

पुढे तिच्या पोटात पाणी व्हायला लागलं. मिरजेला नेऊन ते काढून आणलं, पुन्हा झालं, पुन्हा काढलं, आणि शेवटी डॉक्टर म्हणाले की आता घरीच ठेवा. दादाने तिची कॉट सोप्यात टाकली, येणारे-जाणारे दिसावेत म्हणून. मी कुपवाडहून एसटीने जाऊन-येऊन असायची. तिचं सगळं वहिनी करायची, मी नुसती जवळ बसायची. एका दुपारी वहिनी बेदाण्याच्या शेडवर गेली होती. आई डोळे मिटून पडली होती, ती एकदम म्हणाली, "माझ्या मयताला कशी रडशील?"

"कायतरी बोलू नगंस."

"मी काय अमर हाय व्हय? गेल्यावर मला ऐकू यायचं न्हाई. आत्ता दाव."

मला आधी चेष्टा वाटली. मग तिच्या तोंडाकडे बघितलं आणि कळलं की ती घाबरली आहे. मरणाला नव्हे. जिने सगळ्या भावकीच्या मयतांना रंग आणला, तिच्या स्वतःच्या मयताला बेचव रडणं होणार, याला ती घाबरली होती. वहिनीला रडताच येत नाही, तिचा नुसता श्वास अडकतो. बाकीच्या बायकांना आईने नकला करून करून कधीच निकालात काढलं होतं. राहिले मी. आणि खरं सांगते, मला आनंद झाला. जन्मात पहिल्यांदा तिला माझ्याकडून काही हवं होतं आणि ते नेमकं मला येत होतं. आता तरी तिच्या तोंडून एकदा "बरं केलंस" निघेल, असं मला वाटलं. त्या दोन शब्दांसाठी मी तेव्हा काहीही केलं असतं.

मी दार लोटलं, कॉटशेजारी बसले आणि रडले. माझ्याकडचं उत्तम रडणं काढलं. आधी श्वास आत ओढलेला, मग गळ्यात अडकलेला, मग सुटलेला. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं.

तिने डोळे उघडले नाहीत. "कुनाचं हाय ह्ये?"

"तुजं."

"ह्येच्यात मी न्हाई. ह्ये कुत्र्याचं हाय."

कुत्र्याच्या भागातलंच होतं ते. एकदा ऐकलेलं तिने ओळखलं.

पुढच्या खेपेला मी गावचा हेल धरला आणि शब्द घातले. माझ्या आईनं लय सोसलं गं, उन्हातान्हात राबली गं.

"समद्यांच्या आया राबत्यात. दुसरं."

"दारात हुबी ऱ्हाऊन माझी वाट बघायची गं..."

"मी कवा बघितली तुजी वाट?"

बघितली नव्हतीच. साताऱ्याहून सुट्टीला आले की "आलीस व्हय, भांडी पडल्यात" एवढंच स्वागत असायचं.

असं बरेच दिवस चाललं. एसटीत मी खिडकीकडे तोंड करून शब्द जुळवायची, शेजारची बाई सरकून बसायची. वहिनी बाहेर पडली की आई म्हणायची, "व्हय, कर सुरू." दिग्दर्शक नापास करतो तेव्हा निदान आधी "छान होतं, पण" म्हणतो. ही नुसती मान हलवायची. एकदा मला मधेच खोकला आला तर म्हणाली, "ह्येचं पैसं देत्यात तुला?" एकदा रडणं ऐकून दादा मळ्यातून धावत आला, पायातली चप्पलही काढली नव्हती. आई त्याला म्हणाली, "अजून हाय मी. ही शिकतीय." तो उंबऱ्यातच मटकन बसला. आई त्याच्यावर हसली, मग मीही हसले. दादाने आमच्याकडे असं बघितलं, जणू दोघींनाही वेड लागलंय.

मग एक दिवस माझं डोकं सणकलं. मी चांगला हेल काढला होता, माझ्या मते बिनतोड, आणि तिने जांभई दिली. पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या झालेल्या, आणि तोंड तेच. मी म्हटलं, ऐक मग.

दादाला दूध घातलंस गं, मला ताक गं. पावन्यांच्या म्होरं भसाडी म्हनलीस गं. माझ्या बाळतपनाला आलीस आन् म्हशीपायी माघारी गेलीस गं. पेपरात माझा फोटू आला, त्येच्यात भाकरी बांधलीस गं. आता कुनाला दावू गं, कुनाकडनं नापास हू गं.

शब्द जुळवावे लागले नाहीत. सूर कुठून आला कळलं नाही, बेंबीतून आला असेल. थांबले तेव्हा मी कॉटची लोखंडी पट्टी दोन्ही हातांनी धरली होती आणि आई उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती. हसत होती. पुढचे दात नसल्यामुळे ते हसू लहान मुलीसारखं दिसत होतं.

"आता आले बघ मी त्येच्यात," ती म्हणाली.

मी त्या दोन शब्दांची वाट बघत राहिले. तिने पाणी मागितलं. दोन घोट घेतले आणि पदराने ओठ टिपले.

"पर ह्ये लोकांत चालायचं न्हाई."

"मग कुठलं चालंल?"

"कुठलंच न्हाई. खोटं मला नगं आन् खरं लोकास्नी नगं. तू गप ऱ्हा. माझ्या मयताला त्वांड उघडायचं न्हाई, माझी शपथ हाय तुला."

"लोक काय म्हनतील मला?"

"म्हनू द्यात की. मी काय ऐकायला असनार हाय?"

त्यानंतर तिने तालीम घेतली नाही. मी जवळ बसले की भिंतीकडे तोंड करून झोपायची.

ती गेली तेव्हा मी कुपवाडला होते. सकाळी दादाचा फोन आला. एसटीतून उतरून वळणावर आले तर दारातल्या सगळ्या बायकांच्या माना माझ्याकडे वळल्या. गावात मला टीव्हीत रडणारी म्हणतात. शेजारची पोरं मोबाईलवरच्या गेममध्ये मला जाळतात, कड्यावरून ढकलतात, आणि त्यांच्या आया कौतुकाने सांगतात की ओरडणारी ती आपल्या गावची. आज ती स्वतःच्या आईला रडणार होती. दोघी-तिघींनी हातात मोबाईल तयार ठेवले होते.

मी तोंड मिटून चालत आले. हेलाशिवाय कुणी उठत नाही, त्यामुळे कुणी उठलं नाही. त्यांच्या मधून वाट काढत मी एकटीच आत गेले. वहिनी गळ्यात पडली आणि तिचा श्वास अडकला, नेहमीसारखा. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत आईकडे बघितलं. हनुवटीखालून पांढरी पट्टी घेऊन तिचं तोंड बांधलं होतं. दात एकमेकांवर इतके घट्ट आवळले होते की पुढे दोन दिवस मला भाकरी चावता आली नाही.

मागून अगंबाई चुलतीचा आवाज आला. "पैसं घेतल्याबिगर रडत न्हाई वाटतं."

चारजणींनी तोंडावर पदर घेतले. मयतात हसू आलं की पदर घ्यायचा असतो. आई असती तर संध्याकाळी तिने त्या हसण्याची नक्कल केली असती. रक्षाविसर्जनाच्या दिवशी दादाही म्हणाला, "एकदा रडली असतीस तर काय झिजली असतीस? ती उलट्या काळजाची, तू तिच्या वरताण." शपथेचं मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी माझंच काहीतरी नाटक वाटलं असतं त्याला.

मला चुलतीचा राग आला नाही, दादाचाही नाही. आईचा आला आणि अजून येतो. जिवंतपणी एक शब्द चांगला दिला नाही, आणि जाताना माझ्या तोंडाला कुलूप लावून गेली. भेटायला येणाऱ्या एकेका बाईच्या गळ्यात मी मुक्याने पडत राहिले, आणि ती प्रत्येक बाई माझ्या खांद्यावरून दुसरीला डोळ्यांनी खुणावत होती.

दिवसकार्य आटोपून मी कुपवाडला आले. पुढच्या सुट्टीच्या दिवशी काम लागलं. निळ्या केसांच्या पोराची आई मरते, तो भाग होता. तो यायचाच होता, कागद माझ्याकडे आधीच आले होते. दिग्दर्शक भला माणूस, म्हणाला, "ताई, पुढे ढकलू का?" मी म्हटलं, नको, जमेल.

दार लावून घेतलं. आत गोधड्यांचा वास होता. पडद्यावरची आई तरुण, देखणी, मरतानाही केस जागच्या जागी. पोराने तिचा हात धरला, माझ्या कानात तयारीची खूण वाजली, आणि मी तोंड उघडलं.

जे बाहेर पडलं ते हिंदी नव्हतं. दूध आलं, ताक आलं, म्हैस आली, पेपरात बांधलेली भाकरी आली. पोराचा आवाज राहिला नाही, माझाही राहिला नाही. वळणावरून यायचा तो आईचा आवाज होता. पडद्यावरचं पोरगं डोळे पुसून केव्हाच झोपडीबाहेर निघून गेलं, पुढचा प्रसंग सुरू झाला, आणि मी गोधडीत तोंड खुपसून हेल काढतच होते. त्यात ती होती, सगळीच्या सगळी. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी न सांगता कळत होतं की हे पास आहे.

मग दिग्दर्शक सावकाश बोलला.

"ताई, छान होतं, पण जरा जास्त झालं. मुलांचा कार्यक्रम आहे, घाबरतील. आणि शब्द नकोत. तुमचं नेहमीचं करा ना. कुत्र्याच्या भागात केलं होतं तसं."

मी बाटलीतलं पाणी प्यायले, नाक पुसलं आणि कुत्र्याचं केलं. आधी श्वास आत ओढलेला, मग गळ्यात अडकलेला, मग सुटलेला. पहिल्याच फटक्यात पोराच्या ओठांवर बसलं.

"परफेक्ट," तो म्हणाला. "आधीचं पुसून टाकतो, चालेल ना?"

मी म्हटलं, "टाका."